हौदातली जास्तीची पट्टी

बोटीला कॉकपिट असतं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे विमान येतं. शिडाच्या छोट्या बोटीत तसलं काही नसतं. मागच्या बाजूला एक खोलगट जागा असते. दोन्ही कडांना बसायला बाक, मधे पाय ठेवायला तळ आणि मागे सुकाणूचा दांडा, संपलं. बाबांच्या घरात या जागेला सगळे हौद म्हणायचे, कारण लाट आत आली की तिथे घोट्याएवढं पाणी साचायचं आणि मग तळाच्या भोकातून गुळगुळ आवाज करत निघून जायचं.

हौदाचा तळ फायबरचा होता आणि त्यावर सागवानाच्या अरुंद पट्ट्या बसवलेल्या होत्या. ओल्या पायांनी सागावर घसरायला होत नाही, म्हणून. दोन पट्ट्यांच्या मधे काळ्या रबराची रेघ. दुरून पाहिलं तर वहीचं आखलेलं पान वाटावं. जुन्या झालेल्या या रेघा जागोजागी सुटल्या होत्या, त्यांतून पाणी खाली जात होतं, आणि चालताना दोन पट्ट्या बेडकासारखा आवाज करू लागल्या होत्या. त्या काढून, खालचा तळ साफ करून, परत बसवायला हव्या होत्या.

काम अवघड नव्हतं. अवघड होते बाबा.

बाबांची नजर हळूहळू गेली होती. आता त्यांना उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे आहे एवढंच कळायचं. घरात त्यांना न्हाणीघरापर्यंत जायलाही कुणीतरी हात द्यायचं, आणि तो हात ते घ्यायचे, पण दारावर उभ्या असलेल्या वसुलीवाल्याला आत घ्यावं तसा. बोटीत मात्र त्यांना कुणाची गरज नव्हती. कडेवरून पाय आत टाकायचा, तळावर ठेवायचा, थोडं चाचपत मागे जायचं, एका ठिकाणी टाच थांबायची, आणि ते बसायचे. हात खाली सोडला की सुकाणूचा दांडा बरोबर मुठीत. मुलगी समोर बसून सांगायची, "बाबा, पुढे लाल पिंप तरंगतंय, थोडं बाहेरून घ्या." वारा कुठून येतोय हे त्यांना गालावर कळायचं. गल्लीतल्या कितीतरी मुलांना त्यांनी याच हौदात बसवून शीड शिकवलं होतं, आणि नजर गेल्यावरही एकदोघांना शिकवलं.

म्हणून पट्ट्या काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली.

"काढा. पण परत लावाल तेव्हा माझी जागा माझी मला सापडली पाहिजे. तिथेही मला धरून बसवायची वेळ आली तर मी यायचो नाही. मग ती बोट विकून टाका."

"असं काय बोलता बाबा," मुलगी म्हणाली.

"साधं बोलतोय. घरात तुम्ही मला फिरवता, मी काही म्हणतो का?"

"रोज म्हणता."

"म्हणतो, पण फिरतो की नाही? तिथे नाही फिरणार."

बाबांची मुलगी कपडे शिवायची, गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणायचे. तिचा नवरा गाड्यांचे पोचे काढून रंग द्यायचा, त्याला सगळे पेंटर म्हणायचे. सासरेबुवासुद्धा. आणि त्यांची एक मुलगी होती, जी एका जागी कधी बसायची नाही म्हणून भिंगरी.

या नवरा-बायकोबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. दोघंही कामाला वाघ. दोघंही एकमेकांची काळजी घेणारे. फक्त आपण काय केलं हे ते एकमेकांना सांगायचे नाहीत, कारण सांगण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात दुसरं काम होतं. त्यामुळे त्यांच्या घरात कधी दूध दोनदा यायचं आणि कधी यायचंच नाही.

बोट किनाऱ्यावरच्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी केली होती. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून पट्ट्या काढल्या. स्क्रू सोडवायचे, मग पातळ पटाशी खाली सरकवून हळूहळू उचलायचं. एक पट्टी उचलताना उभी तडकली. टेलरबाईच्या तोंडून "अगं आई गं" निघालं, पेंटर म्हणाला "होतं असं", आणि दोघं पुढच्या पट्टीकडे वळले.

प्रत्येक पट्टी निघाली की टेलरबाई तिच्या पोटावर शिवणाच्या खडूने आकडा घालायची, डावीकडून एक, दोन, तीन. कापड कापल्यावर बाही कुठली आणि पाठ कुठली हे विसरू नये म्हणून उलट्या बाजूला खूण करतात, तशीच. शिवाय दुसरीही एक खूण आपोआप होती. प्रत्येक पट्टीतली स्क्रूची भोकं वेगळ्या अंतरावर होती, कारण मूळ बसवणाऱ्याने मापबीप न घेता जिथे हात गेला तिथे स्क्रू मारला होता. तीच भोकं खाली तळातही होती. म्हणजे आकडे पुसले तरी पट्टी तळावर ठेवून भोकाला भोक जुळवलं की तिची जागा कळणार. कुलूप आणि किल्ली.

"दोन-दोन खुणा आहेत," टेलरबाई म्हणाली. "चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही."

मग त्यांनी काम वाटून घेतलं. पट्ट्या तिने घरी न्यायच्या, तळ त्याने बघायचा.

घरी टेलरबाईने पट्ट्या साफ करायला घेतल्या. सागाच्या अंगात तेल असतं. त्या तेलामुळेच तो पाण्यात कुजत नाही आणि त्या तेलामुळेच त्याला गोंद धरत नाही. त्यामुळे पट्टीच्या पोटाकडची बाजू जाड पॉलिशपेपरने घासायची आणि चिकटवण्याआधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसून काढायची. पहिली पट्टी हातात घेतल्यावर तिला खडूचा आकडा दिसला. घासला की जाणार. तिने क्षणभर विचार केला. जाऊ दे, खाली भोकं आहेतच. तिने घासलं. मग वरची बाजूही बारीक पेपरने घासली, कारण एक बाजू सोन्यासारखी आणि दुसरी राखेसारखी हे तिच्या डोळ्यांना बघवेना. संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसू लागल्या.

इकडे अंगणात पेंटर हौदात गुडघे टेकून बसला होता. जुना गोंद ग्राइंडरने काढून झाला होता आणि आता तळातली भोकं चाळणीसारखी दिसत होती. ती उघडी ठेवली तर पाणी पुन्हा आत जाणार. भोक थोडं मोठं करायचं, आतली ओल वाळवायची आणि घट्ट रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारा चिकट रस, भरायचा, अशी पद्धत. त्यालाही क्षणभर वाटलं, भोकं गेली तर जागा कशा कळणार? मग त्याला आठवलं, पट्ट्यांवर आकडे आहेतच. बायकोच्या हातचे, म्हणजे दगडावरची रेघ. त्याने भोकं भरली.

भरून वर घासली. आणि घासताना हाताला दुसरीच गोष्ट लागली. मागच्या बाजूला, सुकाणूच्या दांड्याजवळ, तळ बशीसारखा खाली गेला होता. बोटाने ठोकल्यावर इतर ठिकाणी टणटण वाजत होतं, इथे भदभद. कापून पाहिलं तर फायबरच्या दोन थरांच्या मधलं लाकूड चहात बुडवलेल्या पावासारखं झालेलं. पेंटरने ते सगळं काढलं, दिवा लावून जागा कित्येक दिवस वाळवली, नवीन लाकूड घातलं, वरून फायबरचे थर दिले. आणि मग जन्मभर जे केलं तेच केलं. पोचा दिसला, भरला, लोखंडी फूटपट्टी फिरवून बघितलं, पुन्हा भरलं. शेवटी तळ असा झाला की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

त्यानंतर त्याच्या लक्षात आलं की इथे गुळगुळीत चालत नाही, गोंद धरायला खरखरीत लागतं. जाड पेपरने आपलंच काम ओरखडताना त्याचा जीव गलबलला. पण ओरखडलं. वर पाणी शिंपडून पाहिलं. थेंब गोळा झाले असते तर तेलकटपणा उरलाय असं समजायचं. पाणी सारखं पसरलं. तळ तयार होता.

ज्या दिवशी पट्ट्या गोंद न लावता नुसत्या ठेवून बघायच्या होत्या, त्या दिवशी टेलरबाई गठ्ठा घेऊन अंगणात आली. पेंटर हौदात उभा होता. भिंगरी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर उड्या मारत होती.

"दे एक नंबर," पेंटर म्हणाला.

"तुम्ही सांगा ना कुठली ते. भोकं बघून."

"भोकं कुठली?"

टेलरबाईने आत वाकून पाहिलं. तळ नव्या पाटीसारखा कोरा होता.

"अहो, भोकं कुठे गेली?"

"भरली. आकडे आहेत ना?"

"आकडे कुठले?"

पेंटरने तिच्या हातातली पट्टी घेतली, उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"तू पुसलेस?"

"तुम्ही भरलीत?"

भिंगरीने एकदा आईकडे आणि एकदा बापाकडे पाहिलं आणि ती चक्क बसली.

"फोटो," पेंटर एकदम म्हणाला. "पट्ट्या काढायच्या आधी फोटो काढला होता मी."

फोटो सापडला. त्यात हौद होता, आणि हौदात हसत उभी टेलरबाई होती, पसरलेली भिंगरी होती, एक बादली होती आणि डब्यांची पिशवी होती. पट्टी म्हणाल तर बादली आणि भिंगरीची टाच यांच्या मधे हातभर दिसत होती.

"ही मधली कळतेय," पेंटर म्हणाला.

"मधली मलाही कळतेय."

मग त्यांनी अंदाजाने मांडायला सुरुवात केली. कडेच्या पट्ट्या थोड्या बाकदार होत्या, त्या ओळखल्या. हौद पुढे रुंद आणि मागे निमुळता, तेव्हा लांबीवरून आणखी काही लागल्या. उरलेल्या कुठेही बसत होत्या, आणि हाच घोटाळा होता. बसल्या नसत्या तर चुकलं म्हणता आलं असतं. सगळ्या छान बसत होत्या. त्यांनी एकदा मांडलं, मग पेंटरला शंका आली म्हणून दोन बदलल्या, मग टेलरबाईला शंका आली म्हणून त्याच दोन परत बदलल्या. शेवटी तळ पूर्ण भरला. पेंटरने कंबर सरळ केली. टेलरबाईच्या हातात अजून एक पट्टी होती.

"ती ठेव की."

"कुठे ठेवू?"

पेंटरने तळ पाहिला. कुठे फट नव्हती. त्याने सगळ्या पट्ट्या उचलल्या आणि पुन्हा मांडल्या. पुन्हा एक उरली, पण या वेळी दुसरीच.

"आई, ही कुणाची आहे?" भिंगरीने विचारलं.

"आपलीच."

"मग हिची जागा कुठंय?"

"तेच बघतोय ना बाळा."

"काढल्या तेव्हा जागा होती, आता नाही. म्हणजे बोट आटली का?"

"धुतल्यावर आटायला ती काय सुती आहे?" टेलरबाई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. खरं म्हणजे तिलाही क्षणभर तसंच वाटून गेलं होतं.

पट्ट्यांचं कोडं सुटेना, तेव्हा दोघांनी ठरवलं की बाबांनाच आणायचं. बाकीचं काही सांगायचं नाही. पट्ट्या हाताला लावून द्यायच्या, ज्या माणसाच्या पायांना एवढं माहीत आहे त्याच्या हातांनाही माहीत असेलच.

बाबा आले. त्यांना खुर्चीवर बसवून पट्ट्या एकेक करून मांडीवर दिल्या. त्यांनी पहिली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"कुठली आहे, बाबा?"

"सागाची आहे."

"तसं नाही, हौदात कुठे असायची?"

"मला काय माहीत. मी कधी हात लावलाय का तिला? मी पाय लावलाय."

मग त्यांनी पायाला लावून पाहिली. खुर्चीत बसून, जमिनीवर ठेवलेल्या पट्टीवर अनवाणी पाऊल ठेवून. दुसरी. तिसरी. कपाळावर आठी आली. एका पट्टीपाशी ते थांबले, तिला नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ही आपली नव्हे. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतोय."

टेलरबाईने ती हातात घेतली आणि तिचा चेहरा पडला.

"ही मीच आणली. ती तडकली होती ना एक, म्हणून सुताराकडून नवी कापून घेतली. कागदी माप देऊन, भोकांसकट."

"तडकलेली?" पेंटर म्हणाला. "ती मी त्याच संध्याकाळी गॅरेजवर नेऊन चिकटवली. शिकंज्यात धरून. आणि परत तुझ्या गठ्ठ्यात ठेवली. तुला कळलंसुद्धा नाही इतकी छान झाली."

"कळलंच नाही ना!"

बाबा खुर्चीत हसायला लागले. "तुम्हां दोघांच्या लग्नात एक नवरा जास्त नव्हता ना आला?"

तिघंही हसले. एक कोडं सुटलं होतं, जास्तीची पट्टी कशी आली ते कळलं होतं. पण बाकीच्यांची जागा कळली नव्हती, आणि हसू ओसरल्यावर ते टेलरबाईला पुन्हा आठवलं. तिने बाबांना खरं काय ते सांगून टाकलं. आकडे गेले, भोकं गेली, पट्ट्या कुठल्या कुठे लागतील सांगता येत नाही.

बाबांनी ऐकून घेतलं. "मला आत नेऊन सोडा," ते म्हणाले. "पट्ट्या राहू द्या कडेला. मला नुसत्या तळावर सोडा."

शिडीवरून त्यांना वर चढवलं. कडेशी आल्यावर त्यांनी मुलीचा हात सोडला, एक पाय आत टाकला, मग दुसरा. कोरड्या, खरखरीत तळावर त्यांची पावलं नेहमीसारखी मागे सरकत गेली. टाच थांबायची ती जागा आली. टाच थांबली नाही. ते पुढे गेले, गुडघा दांड्यावर आपटला. ते परत फिरले, पुन्हा पहिल्यापासून आले. पुन्हा आपटला. मग ते तिथेच उभे राहिले आणि पायाने तळ चाचपत राहिले, जसा माणूस अंथरुणात चष्मा शोधतो.

"इथे एक खोलगा होता," ते म्हणाले. "टाचेएवढा. कुठे गेला?"

पेंटरने घसा साफ केला. "मी भरला, बाबा."

"का?"

"पोचा होता."

"पोचा नव्हता तो. माझ्या टाचेने झाला होता. इतकी वर्षं तिथे टेकून बसलो, झिजून झाला."

"बाबा, फायबर टाचेने झिजत नाही. आत पाणी शिरलं होतं. आतलं लाकूड कुजून बसलं होतं, म्हणून वरचं फायबर पट्ट्यांसकट खाली गेलं. आणखी थोडे महिने गेले असते तर पाय आरपार गेला असता."

टेलरबाईला वाटलं, नवऱ्याने हे सांगायला नको होतं. मग वाटलं, सांगायलाच हवं होतं. मग काय वाटावं हेच तिला कळेना. ती इतके दिवस पट्ट्यांच्या क्रमासाठी झुरत होती, आणि बाबांना त्या पट्ट्यांशी काही देणंघेणंच नव्हतं. त्यांची जागा पट्ट्यांमध्ये नव्हतीच. ती पट्ट्यांच्या खाली होती, आणि ती एक दुखणं होतं, आणि ते तिच्या नवऱ्याने बरं केलं होतं.

"म्हणजे मी कुजलेल्या जागेवर टाच टेकून होतो," बाबा हळूच म्हणाले. "आणि मला वाटायचं माझीच खूण आहे."

"टाचेने आधी चीर पडली असेल, मग पाणी गेलं असेल," पेंटर म्हणाला. "कुणाला माहीत. तसंही असेल."

"तू चांगला माणूस आहेस. पण खोटं बोलायला जमत नाही तुला." त्यांनी बाकावर हात टेकला. "चला, उतरवा मला. आणि बोटीचं काय ते बघा."

"काय बघायचं?"

"बोललो होतो ना मी."

टेलरबाई पुढे झाली, त्यांचा हात धरायला. तेवढ्यात भिंगरी मधे आली.

"आजोबा, मग मला कधी शिकवणार? तुम्ही म्हणाला होतात, पट्ट्या झाल्या की शिकवीन."

"पट्ट्या झाल्यात का?"

"नाही. पण बोट तरी कुठे पाण्यात आहे? नुसतं बसायचं शिकवा. बसायला तर कोरड्यातही येतं."

बाबा थांबले. शिकवा म्हटल्यावर आजवर ते कुणाला नाही म्हणाले नव्हते. त्यांनी सुस्कारा टाकला आणि ते बाकावर बसले, जरा वाकडेच, दांड्यापासून दूर.

"बस माझ्या समोर. नीट बस. आधी हात नाही, आधी पाय. बोट एका बाजूला कलते तेव्हा माणूस पायांवर थांबतो. पाय पुढे, टेकव कुठेतरी."

"टेकत नाहीत. लोंबतायत."

"पुढे सरक."

"सरकले तर पडते."

ती उतरली. कडेला पट्ट्यांचा गठ्ठा होता, त्यातली सगळ्यांत वरची, नवी, जास्तीची पट्टी तिने ओढली आणि तळावर आडवी टाकली, एका बाकाकडून दुसऱ्या बाकाकडे. मग बाकाच्या टोकाशी सरकून बसत पाय तिला टेकवून पाहिले. पट्टी सरकली. तिने ती बाबाला, म्हणजे पेंटरला, पायाने धरून ठेवायला सांगितलं. पेंटरने मुकाट्याने पाय ठेवला.

"आता टेकले," भिंगरी म्हणाली. "पुढे सांगा."

"आता दांडा हातात घे. ओढायचा नाही, नुसता धरायचा, कोंबडीचं पिल्लू धरतात तसा. आणि डोळे मीट."

"का?"

"वारा कुठून येतो ते डोळ्यांना कळत नाही. गालांना विचार."

भिंगरीने डोळे मिटले. तिला वारा नीट सापडेना. ती एकदा उजवीकडे म्हणाली, एकदा डावीकडे. तिला नीट दाखवावं म्हणून बाबा उठले आणि तिच्या दिशेने पाऊल टाकलं. त्यांचा पाय आडव्या पट्टीला लागला आणि थांबला.

"हे काय आहे?"

"जास्तीची पट्टी," भिंगरी डोळे मिटूनच म्हणाली.

बाबांनी पाऊल तिच्या कडेवर ठेवलं. मग मागे घेतलं आणि पुन्हा ठेवलं. ते वळले, पुढच्या कडेपर्यंत गेले, आणि तिथून पावलं सरकवत परत आले. पट्टी लागली. त्यांनी टाच तिच्या अलीकडे टेकवली आणि खाली बसले. हात सोडला. दांडा मुठीपासून वीतभर दूर होता.

"पेंटर."

"हां, बाबा."

"थोडी मागे घे."

पेंटरने पाय उचलून पट्टी मागे सरकवली. बाबा पुन्हा उठले, पुन्हा कडेपर्यंत गेले, पुन्हा आले.

"जास्त झाली. थोडी पुढे."

टेलरबाईने पदरात खोचलेला खडू काढला आणि जिथे पट्टी थांबली तिथे तळावर दोन्ही टोकांशी रेघ मारली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "हे पुसायचं नाही."

"मी कशाला पुसतोय?"

"मी पण नाही पुसणार. दोघांपैकी कुणीही नाही पुसायचं. ऐकलं ना?"

"ऐकलं."

पण खालच्या पट्ट्या बसल्या की ही रेघ झाकली जाणारच होती, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तेव्हा पेंटरने बाकाच्या उभ्या बाजूवर कागदी टेप चिकटवून तिथे खूण केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला बोलावून दाखवली.

पुढचं काम सरळ होतं. ॲसिटोनने पुसून, काळा गोंद पसरून, पट्ट्या एकेक करून बसवल्या, वर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, मधल्या फटींत काळं रबर भरलं, सुकल्यावर वर आलेलं रबर तेवढं कापून काढलं. पट्ट्यांचा क्रम कुठला धरायचा असं टेलरबाईने बाबांना विचारलं होतं. "तुमच्या मनाला येईल तो," ते म्हणाले होते, "मला आता सगळ्याच नव्या आहेत." जास्तीची पट्टी मात्र त्या आखल्या पानावर आडवी, कायमची, मजबूत बसवली. तिच्या कडा पेंटरने इतक्या गोल केल्या की अंगठा आपटला तरी लागू नये.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी वारा फार नव्हता. टेलरबाईने कडेशी बाबांचा हात सोडला आणि आपले दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले, कारण ते पुढे जात होते. बाबांनी पाय आत टाकला. बोट हलली. ते थांबले. जमिनीवर कितीही वेळा केलेलं असलं तरी हलत्या तळावर ते निराळंच होतं. पहिल्यांदा ते बाकाला जाऊन लागले. परत आले. दुसऱ्यांदा पाऊल सरकत सरकत गेलं आणि पट्टीला भेटलं. टाच टेकली. ते बसले, हात सोडला, आणि दांडा मुठीत आला.

भिंगरी त्यांच्यासमोर बसून पाय तिकडून त्याच पट्टीला टेकवत होती.

थोडा वेळ बाबा नुसते पाय फिरवत होते, नव्या घरात गेल्यावर माणूस भिंतींवरून हात फिरवतो तसे. मग उजवा अंगठा एका ठिकाणी थांबला.

"इथली एक पट्टी उलटी लागलीय. पोट वर आहे. खरखरीत लागतेय."

पेंटरने बायकोकडे पाहिलं. टेलरबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही बघितलं होतंत ना?"

"मला वाटलं तू बघितलंस."

"काढू का, बाबा?" पेंटरने विचारलं.

"खबरदार," बाबा म्हणाले, आणि अंगठा पुन्हा तिथेच टेकवला. "एक तरी खूण राहू दे. भिंगरी, पुढे काय दिसतंय?"

"लाल पिंप."

"मग आपण काय करायचं?"

भिंगरीने डोळे मिटले आणि गाल वळवला.